गीबुर्जचं माहेर

दर मंगळवारी, बझाँसाँत बर्फ असो नसो,
मस्यू व्ह्युइमो येतात,
पायपुसण्यावर बूट दोनदा आपटतात
आणि आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे
दुसऱ्याच्या लेकराच्या शेंबडाकडे बघावं तसं बघतात.
चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी.
आता एक बाई दुरुस्त करताहेत.

गीबुर्ज. मोर्सालेंच्या सरदाराची बायको.
बाराव्या शतकात कधीतरी जन्मली, कधीतरी गेली.
दिवस माहीत आहे, नऊ नोव्हेंबर. साल नाही.
नन्सच्या मठात त्या दिवशी तिच्या नावानं
जेवणात मासे वाढायचे.
बाकी सगळ्या कागदांत ती 'आणि त्याची पत्नी'.
(कागद नव्हे, मेंढीचं कातडं. ते मला दर वेळी सुधारतात.)

मी खोकी आणून देते. ते माहेर शोधतात.

आधी मुलांची नावं बघायची, म्हणतात.
थोरल्याला बापाकडच्या आजोबाचं.
धाकटा ओडिलोन,
आणि हे नाव त्या घरात आधी कुणाचंच नाही.
म्हणजे तिनंच सोबत आणलं,
आंदणातल्या भांड्यासारखं.
मग आंदण: खाऱ्या झऱ्यावरची एक कढई,
वर्षाला साठ गोण्या मीठ,
कढईखाली जाळायला दोन जंगलं.
मीठ जिथलं, बाई तिथली.
त्यांनी नकाशावर पेन्सिलचं टोक टेकवलं,
दाबलं नाही.

आजचं खोकं वेगळं होतं.
वीस वर्षं संसार झाल्यावर
नवऱ्याच्या ध्यानात आलं की बायको नात्यातली निघते.
(नवी सतरा वर्षांची होती. ते दुसऱ्या खोक्यात आहे.)
मग चर्चमध्ये सात म्हातारे उभे केले
आणि त्यांनी शपथेवर तिचे पूर्वज मोजले,
स्वतःच्याच अंगावर:
मान म्हणजे भावंडं, खांदा म्हणजे त्यांची मुलं,
कोपर, मनगट, मग बोटांची पेरं.
गीबुर्ज ही ओडिलोनची,
ओडिलोन एर्माँसांदच्या पोटचा,
एर्माँसांद त्या गोतियेची, ज्याचा एक कान कापलेला…
पंधरा नावं.
तिचं अख्खं कूळ
पहिल्यांदा आणि शेवटचं कुणीतरी मोठ्यानं म्हटलं
ते तिला घराबाहेर काढायला.

"सापडलं की," मी म्हटलं.
"थांबा," म्हणाले, आणि कातडं उलटं केलं.
मागे कुणा कारकुनाचा बारीक हिशेब:
साक्षीदारांना प्रत्येकी दोन गोण्या मीठ.

खाल्ल्या मिठाला जागले म्हातारे.
मीठ तिच्याच कढईचं.

मग पंधरातली खरी किती? तो कापलेला कान तरी?
मस्यू व्ह्युइमो बराच वेळ वहीकडे बघत राहिले.
त्यांनी नावं उतरवून घेतली नाहीत,
खोडलीही नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या जन्माच्या नोंदीत
आईच्या जागी फुली आहे.
आमच्याकडे कायदाच आहे तसा,
बाईला नाव न सांगता बाळंत होता येतं.
एकदा भलत्याच अर्जापायी ती नोंद माझ्या हाताखालून गेली.
ते खोकं त्यांनी कधी मागितलेलं नाही.
मीही विषय काढत नाही. आम्ही मिठाबद्दल बोलतो.

साडेचारला मी आवरायला घेतलं.
तिच्या कबुलीखाली शिक्का लोंबत होता,
हिरव्या मेणाचा, माशाच्या आकाराचा.
पुढच्या बाजूला उभी बाई, मनगटावर ससाणा,
चेहरा झिजून गुळगुळीत.
मागच्या बाजूला एक अंगठा,
मेण ऊन असताना उमटलेला, रेषान् रेषा शाबूत.
तिचा नसणार. कारकुनाचाच असणार.
हे त्यांनाही कळतं.

शिक्क्याला हात लावायची परवानगी नाही.

मी खिडकीशी गेले.
खाली दूबच्या काठानं एक पोरगी
हटून बसलेल्या कुत्र्याला ओढत होती,
तिचं ओढून होईपर्यंत मी बघत राहिले.
वळले तेव्हा खोकं बांधलेलं होतं, गाठ त्यांचीच,
आणि ते कोट चढवता चढवता म्हणाले,
तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे.